कॉलेजचं विसर्जन आणि आमची 'टूपी' : इंग्लंडमधली एफई कॉलेजांची विलीनीकरणं

उंबरठा
नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान गावात एफई कॉलेजच्या परीक्षा विभागात मी अकरा वर्षं आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून शाबूत आहे आणि राहावी अशी इच्छा आहे.

भारतातल्या वाचकांसाठी: एफई म्हणजे फर्दर एज्युकेशन. सोळा वर्षांपुढचं, विद्यापीठाच्या अलीकडचं सगळं. आपलं ज्युनियर कॉलेज, आयटीआय, पॉलिटेक्निक आणि रात्रशाळा एका इमारतीत कोंबल्या तर जे होईल ते. एका मजल्यावर विटांचं काम शिकणारी पोरं, वरच्या मजल्यावर नर्सिंगला जायचंय म्हणून चाळिशीत पुन्हा वही उघडलेल्या बायका, संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारे सीरियन, रोमानियन, अधूनमधून आपलेही.

दीड महिन्यापूर्वी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. प्राचार्यबाई म्हणाल्या, अठरा मैलांवरच्या मोठ्या कॉलेजशी आपण एक होतोय, समसमान भागीदारी. टाळ्यासुद्धा पडल्या. मग वेबसाइटवर प्रस्ताव आला. तो मी दोनदा वाचला. आमच्या कॉलेजसमोर शब्द आहे 'डिझॉल्व्ह'. त्यांच्यासमोर काहीच नाही. म्हणजे दोघांचं लग्न, पण विसर्जन एकाचंच. नवरा म्हणतो, गणपतीला निदान पुढच्या वर्षी लवकर या म्हणतात.

माझे प्रश्न:
कायद्याने नेमकं काय होतं? १ ऑगस्टला सकाळी माझा मालक कोण? आम्हाला 'टूपी'चं पत्र आलंय, ती टूपी की टोपी? आणि एक अगदी फुटकळ प्रश्न: माझ्या खोलीत कपाटभर प्रमाणपत्रं आहेत, मुलं घेऊनच गेली नाहीत. त्यांचं काय करायचं?

हिशेबनीस
बर्मिंगहॅमहून. पोटापाण्यासाठी बरीच वर्षं कॉलेजांचे हिशेब तपासले आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पाया. ही कॉलेजं पूर्वी स्थानिक काउन्सिलची होती. १९९२च्या फर्दर अँड हायर एज्युकेशन अ‍ॅक्टने ती काउन्सिलच्या हातातून काढली आणि १ एप्रिल १९९३ पासून प्रत्येक कॉलेज चालवायला एकेक 'कॉर्पोरेशन' उभं राहिलं. हे कॉर्पोरेशन कंपनी नव्हे. भागधारक नाहीत, त्यामुळे विकत घेणं-देणं नाही. कायद्याने जन्माला घातलेली ही व्यक्ती, आणि शिवाय धर्मादाय. ताई, तुमच्या पगारपत्रकावर ज्याचं नाव आहे ते हे कॉर्पोरेशन. 'कॉलेज' ही नुसती पाटी.

आता विलीनीकरण. कायद्याच्या भाषेत दोन कॉर्पोरेशनं एकमेकांत मिसळतच नाहीत. वाटा दोनच. पहिलीला इथे 'टाइप ए' म्हणतात: दोन्ही कॉर्पोरेशनं संपवायची, मंत्र्याच्या आदेशाने तिसरं नवीन उभारायचं, दोघांचं सगळं त्याच्या नावे करायचं. दिसायला समसमान. पण मग दोन्हीकडची कर्जं, भाडेकरार, परवाने, बँक खाती, सगळं नव्याने. म्हणून तो मार्ग क्वचित. दुसरी 'टाइप बी': एक संपतं आणि आपली मालमत्ता, हक्क नि देणी दुसऱ्याच्या हवाली करतं. दुसरं जसंच्या तसं उभं. बहुतेक विलीनीकरणं अशीच होतात. हॉलमध्ये 'भागीदारी' म्हणायचं आणि कागदावर 'बी' लिहायचं, ही रीतच आहे. तुमच्या प्राचार्यबाई खोटं बोलल्या असं मी म्हणणार नाही. अर्धंच बोलल्या.

आणखी एक. २०११च्या एज्युकेशन अ‍ॅक्टनंतर इंग्लंडमध्ये स्वतःला संपवायचा निर्णय कॉर्पोरेशन स्वतःच घेतं. आधी मंत्र्याचा आदेश लागायचा. आता गव्हर्नर मंडळाने, म्हणजे कॉलेजच्या कारभारी मंडळाने, ठराव केला की झालं. अट एवढीच की प्रस्ताव जाहीर करायचा, लोकांचं म्हणणं मागवायला किमान एक महिना द्यायचा आणि नंतर त्या म्हणण्याचा सारांश छापायचा.

उंबरठा
म्हणजे आम्ही 'नको' म्हटलं तर?

हिशेबनीस
तर तेही सारांशात छापतील.

खडू_फळा
😀 ग्रामसभेची आठवण झाली.

कायदेकानू
लीड्स. कामगार कायद्यात काम करतो, पण हा सल्ला समजू नका, युनियनला पत्र दाखवाच.

टूपी (TUPE) म्हणजे मालक बदलताना नोकऱ्या राखणारी २००६ची नियमावली. उद्योग एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर माणसं आपोआप सोबत जातात. पगार, सुट्ट्या, नोटीस, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोकरीची सलगता. तुमची अकरा वर्षं अकराच राहतात. १ ऑगस्टला नवीन नेमणूकपत्र मिळणार नाही, त्याची गरजही नाही. कुणी 'नवीन करारावर सही करा, फॉर्मॅलिटी आहे' म्हणत पुढ्यात कागद ठेवला तर सही न करता घरी आणा.

केवळ हस्तांतर झालं म्हणून काढलं तर ती बडतर्फी बेकायदा. पण फट आहे. 'आर्थिक, तांत्रिक किंवा संघटनात्मक' कारणाने मनुष्यबळात बदल करावा लागत असेल तर काढता येतं. दोन कॉलेजं एक झाली की परीक्षा विभाग दोन, पगार विभाग दोन, ग्रंथपाल दोन. ही फट कुणासाठी ते सांगायला नको. मात्र वीस किंवा जास्त माणसं कमी करायची असतील तर आधी ३० दिवस आणि शंभर किंवा जास्त असतील तर ४५ दिवस सल्लामसलत बंधनकारक आहे.

पेन्शन: तुम्ही शिक्षकेतर, म्हणजे बहुधा एलजीपीएसमध्ये (काउन्सिलवाल्यांची पेन्शन योजना). शिकवणारे टीचर्स पेन्शनमध्ये. दोन्हीकडे कॉर्पोरेशनच मालक असेल तर काळजी नाही. पण काही कॉलेजं शिक्षकेतर माणसं पोटकंपनीत नेमतात, तिथे पेन्शन साधी. म्हणून पत्रात मालकाच्या रकान्यात कोणतं नाव आहे ते नीट बघा. शेवटी 'लिमिटेड' दिसलं तर लगेच युनियनकडे.

उंबरठा
बघितलं. लिमिटेड नाही. हुश्श.

स्पष्टवक्ता
थोडं उलट बोलतो, राग मानू नका. गावोगाव अर्धी रिकामी कॉलेजं, प्रत्येकाला वेगळा प्राचार्य, वेगळा वित्तप्रमुख. करदात्याने का पोसायचं? एक केलं तर बिघडलं कुठे?

हिशेबनीस
सरकारचं नेमकं हेच म्हणणं होतं. २०१५च्या जुलैत त्यांनी 'एरिया रिव्ह्यू' काढले. देशाचे ३७ तुकडे पाडले, मार्च २०१७ पर्यंत एकेका भागात बसून कुणी कुणाशी जुळवायचं ते ठरवलं. घोषवाक्य असं की कॉलेजं कमी, बहुधा मोठी आणि टिकाऊ हवीत. खर्चासाठी ७२६ दशलक्ष पौंडांची मदतही ठेवली होती. १९९३ला साडेचारशेच्या घरात कॉलेजं होती, आज त्याच्या निम्म्यावर आली आहेत.

पण ती रिकामी का झाली तेही बघा. सोळा ते अठरा वयाच्या मुलामागे मिळणारा सरकारी दर वर्षानुवर्षं गोठलेला होता. प्रौढ शिक्षणाचा निधी २०१०नंतर कापलेला. वर व्हॅट: शेजारची अकादमी शाळा (काउन्सिलबाहेरची, पण सरकारी पैशावर चालणारी) तोच विषय शिकवते आणि व्हॅट परत मिळवते, कॉलेजला तो पदरचा. २०२२च्या नोव्हेंबरात ओएनएसने, म्हणजे सरकारी आकडेवारी कार्यालयाने, कॉलेजांना पुन्हा सरकारी क्षेत्रात मोजायला सुरुवात केली, बँकेचं नवीन कर्ज घ्यायला शिक्षण खात्याची परवानगी लागू लागली, पण व्हॅट तिथेच. सरकारी असण्याचा जाच सगळा, लाभ नाही. अशा कॉलेजची गाठ दुसऱ्या तशाच कॉलेजशी मारली तर दोन खड्डे मिळून डोंगर होत नाही.

आणि विलीन न होता बुडालं तर काय, हेही २०१९मध्ये दिसलं. त्या जानेवारीत कॉलेजांसाठी दिवाळखोरीचा कायदा लागू झाला आणि मे महिन्यात केंटचं हॅडलो कॉलेज त्यात गेलेलं पहिलं ठरलं. शेती, बागकाम, घोडे शिकवणारं जुनं कॉलेज. प्रशासक बसले आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या कॉलेजांना गेले. त्या मानाने टाइप बी म्हणजे घरच्या अंथरुणावर मरण.

क्लाइडकाठ
ग्लासगोहून. आमच्याकडे हे सगळं आधीच होऊन गेलंय, त्यामुळे तुमचा धागा वाचताना जुनी जखम खाजवल्यासारखं होतंय.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा. इथे एकेका कॉर्पोरेशनच्या मर्जीवर सोडलं नाही, सरकारने 'रिजनलायझेशन' म्हणून देशाचे तेरा विभाग केले आणि २०१३चा पोस्ट-१६ एज्युकेशन अ‍ॅक्ट आणला. ग्लासगोतच बघा. आधी २०१०मध्ये सेंट्रल, मेट्रोपॉलिटन आणि नॉटिकल अशी तीन कॉलेजं मिळून सिटी ऑफ ग्लासगो झालं. २०१३मध्ये अ‍ॅनिसलंड, कार्डोनल्ड, लँगसाइड मिळून ग्लासगो क्लाइड. त्याच साली जॉन व्हीटली, नॉर्थ ग्लासगो, स्टो मिळून ग्लासगो केल्व्हिन. नवाची तीन. उत्तर आयर्लंडने तर १ ऑगस्ट २००७ला एका झटक्यात सोळाची सहा केली.

ताई, तुम्हाला टूपी वाचवेल, खरंय, पण टूपीचीच दुसरी बाजू ऐका. प्रत्येकजण आपापल्या जुन्या अटी घेऊन येतो. मग एकाच स्टाफरूममध्ये, एकाच किटलीतला चहा पिणारे दोन शिक्षक, तोच विषय, तीच मुलं, आणि पगारात काही हजारांचा फरक. विचारलं तर उत्तर एकच, 'तुम्ही त्या कॉलेजातून आलात.' तेच देशभर एकसारखं करा म्हणून ईआयएस या शिक्षक युनियनच्या शिक्षकांना २०१६मध्ये संप करावा लागला. करार झाला, अंमल होईना, म्हणून २०१७च्या उन्हाळ्याआधी पुन्हा. मी दोन्ही वेळा गेटवर उभी होते. पावसात. अर्थात पावसातच, ग्लासगो आहे.

आणि वरच्या लोकांवर डोळा ठेवा. कोटब्रिज कॉलेज २०१४मध्ये न्यू कॉलेज लॅनार्कशरमध्ये गेलं. त्याआधी मावळत्या प्राचार्यांना तीन लाख पौंडांच्या वरचं निरोपाचं पाकीट मिळालं. ऑडिटर जनरलचा अहवाल आला, पार्लमेंटच्या लेखासमितीने सगळ्यांना बोलावून झाडलं. पैसे गेले ते गेलेच. विसर्जनाच्या आधीचे सहा महिने फार नाजूक. घरमालक बदलणार म्हटलं की जुना पंखेही काढून नेतो.

स्पष्टवक्ता
पंख्याचं पटलं.

गलबत
मूळ दापोलीचा, आता बोटीवरून लिहितोय, नेट येऊन-जाऊन आहे. कॉलेजांच्या कायद्यातलं कळत नाही, पण प्रमाणपत्रांबद्दल अनुभव आहे.

माझी तिकिटं, म्हणजे बोटीवर अधिकारी व्हायचे कागद, ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सची. मर्चंट नेव्हीतल्या बऱ्याच मराठी पोरांनी तिथल्या थंडीत दात वाजवलेत. मरीन स्कूल १८६१चं, डॉ. विंटरबॉटम यांनी दिलेल्या पैशातून उभं राहिलेलं. पुढे ते साउथ टाइनसाइड कॉलेजचा भाग होतं आणि ऑगस्ट २०१७मध्ये नदीपलीकडच्या टाइन मेट्रोपॉलिटनशी एक होऊन टाइन कोस्ट कॉलेज झालं. माझ्या कागदांवर जुनं नाव. मॅनिंग एजंटच्या (बोटींवर माणसं पुरवणाऱ्याच्या) ऑफिसात बसलेल्या पोराला वाटलं कॉलेज बंद पडलं, कागद बाद. मुंबईला एजंटाशी तासभर घासाघीस. शेवटी त्याला दाखवलं की सक्षमतेचं प्रमाणपत्र कॉलेज देतच नाही, ते एमसीए, म्हणजे ब्रिटनचं सरकारी सागरी खातं देतं. कॉलेज फक्त शिकवतं. तेव्हा शांत झाला.

मरीन स्कूल हे नाव मात्र नवीन कॉलेजनेही ठेवलं. शहाणपणा केला. जगभरच्या बोटींवर ओळख आहे ती त्या नावाची, टाइन कोस्ट कुणाला सांगणार?

कायदेकानू
हे गलबतरावांनी चांगलं सांगितलं. प्रमाणपत्रं बाहेरच्या परीक्षा संस्था देतात: बीटेक (BTEC, आपलं बी.टेक. नव्हे) पिअर्सनचं, व्यवसायाची बरीचशी सिटी अँड गिल्ड्सची. कॉलेज विसर्जित झालं तरी पात्रता मरत नाही.

एकच अपवाद सांगून ठेवतो. बाहेरून स्टुडंट व्हिसावर आलेली मुलं असतील तर त्यांना आधीच सावध करा. परदेशी मुलं घेण्याचा, म्हणजे स्पॉन्सरचा परवाना आपोआप हस्तांतरित होत नाही, त्याचं होम ऑफिसशी (इथल्या गृहखात्याशी) वेगळं निस्तरावं लागतं.

खडू_फळा
नावावरून आठवलं. २०१२मध्ये लंडनचं लुइशम आणि सदक ही कॉलेजं एक झाली. पुढच्या वर्षी नवीन नाव आलं, 'लेसोको'. लोकांना वाटलं साबण आहे. त्याच साली ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेने सर्वांत खालचा शेरा दिला. वर्षभरात नाव गुंडाळलं. २०१७मध्ये ते सुमारे अडीचशे मैलांवरच्या न्यूकॅसलच्या एनसीजी समूहात गेलं, आणि आता तिथे पुन्हा लुइशम कॉलेज वेगळं नि सदक कॉलेज वेगळं अशा पाट्या आहेत. मालक एक, पाट्या दोन. इतक्या वर्षांत गाडी जिथून निघाली तिथेच, फक्त किल्ली न्यूकॅसलला, टाइनकाठी.

मी स्वतः महाराष्ट्रात अनुदानित कॉलेजात होतो. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. कॉलेजला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व नसतं, ते संस्थेचं. रयतसारख्या संस्थेची शेकडो शाखांवर सत्ता, त्यामुळे एक शाखा दुसरीत मिसळायला दोन ट्रस्टांची गरजच नाही. दोन संस्था एक करायच्या तर धर्मादाय आयुक्तांपुढे, सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ५०अ कलमाखाली. ते मात्र मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. संस्थाचालक देणगी सोडेल, खुर्ची सोडणार नाही. मुंबईत होमी भाभा विद्यापीठात एल्फिन्स्टन, सिडनहॅम एकत्र आणली, पण नावं राहिली, इमारती राहिल्या, आणि तीही सरकारी कॉलेजं म्हणून जमलं.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. मालकाचा प्रश्न सुटला. पण मला सतावतंय ते या सगळ्यात कुठेच बसत नाही.

आमच्याकडे 'लेव्हल वन'ची मुलं आहेत. शाळेत काहीच न जमलेली. ती येतात कारण कॉलेज चालत दहा मिनिटांवर आहे. अठरा मैल म्हणजे दोन बसगाड्या, पहिली ७.१०ला. या मुलांना ९.३०ला आणणंच आमचा अर्धा अभ्यासक्रम आहे. मी प्रस्तावावर हेच लिहून पाठवलं: हे वर्ग इथे किती वर्षं राहतील ते लिहून द्या.

हिशेबनीस
लिहून देणार नाहीत. दिलं तरी बांधील राहणार नाहीत. हस्तांतर होतं ते मालमत्ता, हक्क आणि देण्यांचं. 'इथेच शिकवू' हे यांपैकी काहीच नाही. ज्याला ते वचन दिलं ते कॉर्पोरेशनच उरत नाही, मग दाद मागणार कोण?

स्टूरब्रिज माझ्या घरापासून लांब नाही. तिथलं कॉलेज २०१३मध्ये बर्मिंगहॅम मेट्रोपॉलिटनमध्ये गेलं. काचेच्या कामाचं गाव ते, कला शिकवण्याची जुनी परंपरा. सहा वर्षांनी, २०१९मध्ये, कर्जाच्या ओझ्याखालच्या त्या मोठ्या कॉलेजने स्टूरब्रिज बंद केलं. मुलं डडली आणि हेल्सोवेनला पाठवली. स्टूरब्रिजला तेव्हा स्वतःचं गव्हर्नर मंडळच नव्हतं 'नाही' म्हणायला. स्पष्टवक्ते, 'बिघडलं कुठे' याचं माझ्याकडे हे एक उत्तर आहे. हॅरो-अक्सब्रिजसारखी नीट चाललेलीही आहेत: २०१७मध्ये दोघं एक झाली, २०२३मध्ये रिचमंडही आलं. पण तिथे ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) आहे, बसा आणि जा. ताईंच्या गावात ७.१०ची बस आहे.

मागायचं असेल तर दोन गोष्टी मागा. नव्या मंडळात तुमच्या गावचे किती गव्हर्नर आणि किती काळ. आणि तुमची जमीन विकली तर पैसे कुठे जाणार. या दोन्ही गोष्टी कागदावर येतात.

स्पष्टवक्ता
स्टूरब्रिजचं माहीत नव्हतं. पण ताई, विलीन झालं नसतं तर तुमचं कॉलेज चाललं असतं का?

उंबरठा
खरं सांगू? बहुतेक नाही. छप्पर गळतंय आणि वित्तविभागात तीन वर्षांत चार माणसं आली नि गेली. म्हणून तर मी विरोधात सही केली नाही. फक्त बसबद्दल लिहिलं.

क्लाइडकाठ
सही न करता लिहिलंत ते बरं केलंत.

उंबरठा
(अकरा आठवड्यांनी) धागा वर काढते.

सारांश छापून आला. माझं पत्र पान ९ वर, एका ओळीत: 'काही प्रतिसादकांनी प्रवासाबाबत चिंता व्यक्त केली.' उत्तर: 'स्थानिक उपलब्धतेस आम्ही वचनबद्ध आहोत.' हिशेबनीस, तुमचे दोन प्रश्न मी युनियनच्या बैठकीत विचारले. आमच्या गावचे तीन गव्हर्नर, दोन वर्षं. जमिनीबद्दल 'योग्य वेळी'.

३१ जुलैला मध्यरात्री आमचं कॉर्पोरेशन संपलं. मी झोपले होते. १ तारखेला गेले तर गळ्यातला पट्टा जुनाच, नवीन छापून यायचे होते. ई-मेल मात्र नवीन पत्त्यावर. परीक्षा विभाग सध्या दोन्हीकडे आहे, ऑक्टोबरपर्यंत.

कपाटाचं सांगायचं राहिलं. नियमाने न नेलेली प्रमाणपत्रं किमान बारा महिने ठेवायची, नंतर सुरक्षितपणे नष्ट केली तरी चालतं. माझ्या आधीच्या बाईंनी काहीच नष्ट केलं नव्हतं, मीही नाही. जुलैभर जेवणाच्या सुट्टीत एकेक पाकीट काढून फोन केले. निम्मे नंबर बंद. एका बाईंनी मुलगा वारल्याचं सांगितलं आणि तरी प्रमाणपत्र न्यायला आल्या. एक गृहस्थ विटकामाचं घ्यायला आले, २००४चं. आता स्वतःची चार माणसं कामाला आहेत. खाली सेंटर म्हणून आमच्या कॉलेजचं नाव होतं, त्यावर अंगठा फिरवत म्हणाले, हे चालेल ना अजून? म्हटलं, चालेल. गलबतकाका, तुमचीच गोष्ट सांगितली त्यांना.

एकशे बारा गेली. बाकी आहेत.

गलबत
👍 पोहोचलो रॉटरडॅमला. वाचून बरं वाटलं.

कायदेकानू
उत्सुकता म्हणून विचारतो, ते कपाट हस्तांतराच्या यादीत आलं का?

उंबरठा
आलं. 'स्टील कपाट, ४ नग.' आतलं काही लिहिलेलं नाही.